उजवा कोपरा

हॉलला रंग द्यायचा ठरला की भिंतीवरच्या फळ्यांवरून पाट्या उतरायच्या. रंग वाळला की ज्यांचा खेळ चालू आहे तेवढ्यांच्याच परत चढायच्या, हा तिथला जुना नेम होता. त्यामुळे चिटणिसांनी जिन्यातच गाठून "वहिनी, जरा बोलायचं होतं" म्हटलं, तेव्हा काय बोलायचं असणार ते ती समजून चुकली.

हॉल अग्निशमन केंद्राच्या वरच्या मजल्यावर होता. खाली बंबाच्या गाड्या, वर टेबल टेनिसची चार टेबलं. खालून गाडी निघाली की फरशी थरथरायची आणि चेंडू नको तसा उडायचा. म्हणून कुठल्याही नियमपुस्तकात नसलेला एक नियम तिथे पाळला जाई. गाडी निघाली की चालू गुण रद्द, तो पुन्हा खेळायचा. भिंतीवर दोन फळे होते, एक एकेरीचा आणि एक दुहेरीचा. खिळ्यांवर प्लायवूडच्या लहान पाट्या. जिंकलं की पाटी वरच्या खिळ्यावर, हरलं की खालच्या. संध्याकाळी टेबल मिळायचं ते पाटीवाल्यांनाच. दुहेरीच्या फळ्यावर, पार वरच्या बाजूला, कितीतरी वर्षं एक पाटी होती आणि तिच्यावर नुसतं 'नणंद-भावजय' लिहिलेलं होतं. या दोघी टेबलाच्या एकाच बाजूला उभ्या राहतात आणि वर जिंकतातही, याचं हॉलला आधी नवल वाटलं, मग त्याची थट्टा झाली, आणि शेवटी पाटी झाली.

नणंद गेल्या थंडीत गेली. राहिली ती भावजय. नणंद तिला वहिनी म्हणायची म्हणून सगळा हॉल वहिनी म्हणायचा, तिच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा.

चिटणीस भले गृहस्थ, पण नियमाला पक्के. त्यांनी दोनदा खाकरून सांगितलं की तिची अडचण सगळ्यांना कळते, हंगामभर कुणी काही बोललं नाही, पण आता रंगारी ठरला आहे. एक तर नवी जोडीदारीण शोधायची, नाही तर एकेरीच्या फळ्यावर यायचं. आणि तिथे यायचं तर तिथल्या कुणाला तरी रंगकामाआधी हरवायला हवं. शेवटच्या खिळ्यावर शिंपी आहेच, असं ते हळूच म्हणाले आणि स्वतःच ओशाळले. शिंपी इतकी वर्षं शेवटच्या खिळ्यावर होता की सगळे त्याला द्वारपाल म्हणत. नव्या माणसाला आत सोडायचं की बाहेर ठेवायचं ते त्याच्या बॅटवर होतं.

ती बरं म्हणाली. नवी जोडीदारीण शोधायचा प्रश्न नव्हता. ते तिने चिटणिसांना सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही.

घरी दोन खोल्या, त्यांत दोन खाटा, दाराशी बुटांची फळी. नवरा गेला तेव्हा त्याची धाकटी बहीण चार दिवसांसाठी म्हणून राहायला आली आणि राहिलीच. तिचं लग्न झालेलं नव्हतं, शाळेत खेळ शिकवायची, आवाज मैदानात घडलेला. वयाने लहान, तरी नात्याने वन्सं. म्हणून वहिनी तिला अहोजाहो करायची आणि ती वहिनीला सरळ अगंतुगं. नवरा गेल्यानंतरच्या दिवसांत वहिनी कामावरून आली की भिंतीकडे तोंड करून बसे. वन्संनी आठवडाभर ते पाहिलं आणि एका संध्याकाळी कॅनव्हासचे नवे बूट तिच्यासमोर ठेवले. समजूत घालणं त्यांना जमत नसे. त्या एवढंच म्हणाल्या, "वहिनी, बूट घाल."

त्यानंतर रोज संध्याकाळी तेच वाक्य. अंगात कणकण असो, कामावर मालकाशी वाजलेलं असो, वन्सं दारात उभ्या राहून तेच म्हणायच्या. वहिनी कुरकुरत बूट घालायची आणि पहिला चेंडू पलीकडे गेला की कुरकुर विसरायची. आपल्याला हा खेळ आवडतो का, हे तिने स्वतःला कधी विचारलंच नव्हतं. ते विचारायची वेळ वन्संनी तिच्यावर येऊ दिली नव्हती.

दुहेरीत जोडीतल्या दोघांनी आळीपाळीने चेंडू मारायचा असतो. एकाने मारला की दुसऱ्याला जागा करून द्यायची. वन्सं डावखुऱ्या, वहिनी उजव्या हाताची. वहिनी मारायची आणि डावीकडे सटकायची. ती हलते न हलते तोच उजवीकडून वन्सं आत शिरायच्या. "तू मार आणि बाजूला हो, पुढचं माझं मी बघते," हे त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं आणि ते वहिनीच्या पायांत जाऊन बसलं. हॉलमध्ये तिच्याइतक्या चटकन बाजूला होणारं दुसरं कुणी नव्हतं. टेबलाबाहेरही तसंच चालू होतं. विजेचं बिल, डॉक्टर, भांडखोर शेजारी, लांबचे नातेवाईक, सगळीकडे वन्सं पुढे आणि ती एक पाऊल डावीकडे.

शिंप्याशी ती पहिल्यांदा खेळली ती त्याच आठवड्यात. बाकावर नेहमीची मंडळी होती. सगळ्यांना वाटलं, दुहेरीत वरच्या खिळ्यांवर खेळलेली बाई द्वारपालाला सहज बाजूला सारेल. पहिला चेंडू तिने सुरेख मारला आणि झटकन डावीकडे झाली. शिंप्याने तो कसाबसा परत ढकलला. चेंडू टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात पडला, तिथून खाली गेला आणि टप टप करत बाकापर्यंत पोचला. तिथे कुणीच नव्हतं.

पुढच्या चेंडूला तसंच झालं. मग परत. तिला कळत होतं. डोक्याला कळत होतं, पायांना पटत नव्हतं. शिंपी काही चलाख खेळाडू नव्हता, त्याला हे ध्यानात यायला अर्धा गेम लागला. ध्यानात आल्यावर त्याने बॅट खाली केली आणि तसा मोठ्या मनाचा माणूस असूनही त्याच्या तोंडून निघून गेलं, "वहिनी, वाट कुणाला देताय?"

बाकावर कुणीतरी हसायला लागलं आणि लगेच थांबलं. त्या थांबण्याने ती जास्त खजील झाली. सामना तिने खेळून संपवला, हरली, हात मिळवला, बॅट पिशवीत घातली. नंतर ती बरेच दिवस हॉलकडे फिरकली नाही.

ती चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काम करायची. काच फिरत्या चाकावर धरून तिची कड घासायची, चाकावर पाण्याची बारीक धार, मग काच फ्रेममध्ये बसवायची. कमी घासलं तर पुन्हा घासता येतं, जास्त घासलं की काच गेली. हात चांगला बसलेला असल्याने त्या कामात डोकं मोकळं राहायचं, आणि सध्या तेच नको होतं. लेक दूरच्या शहरात होती, रविवारी फोन करायची. जावई मोठा उमदा. सासूबाईंचं मन लागत नाही हे कळल्यापासून तो तिला रोज कुठल्याशा वक्त्याची भाषणं फोनवर पाठवायचा. वक्ता मोठ्याने बोलायचा. पदकं मिळवलेल्या खेळाडूंच्या गोष्टी सांगायचा, पोटात आग हवी म्हणायचा, ध्येय कागदावर लिहून आरशाला चिकटवा म्हणायचा. चाकाच्या आवाजात ती ऐकत राही. पोटात सारखी आग बाळगणारा हा माणूस जेवतो कधी, असं एकदा तिच्या मनात आलं आणि तिला वन्संची आठवण झाली. ही गोष्ट त्यांना सांगितली असती तर त्या खोलीभर हसल्या असत्या.

जावयाचं मन मोडू नये म्हणून तिने एकदा कागद घेतलासुद्धा. काय लिहावं ते सुचेना. चषक नको होता, चषक घरात धूळ खात होतेच. शेवटी तिने 'कोपरा' एवढंच लिहिलं, ते वाचून तिचं तिलाच हसू आलं, आणि त्या कागदात तिने एका गिऱ्हाइकाची काच गुंडाळली.

त्याच सुमारास स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला. नळ दुरुस्त करणारा आला. तिने दार उघडलं आणि एक पाऊल डावीकडे सरकून उभी राहिली. तो माणूस पिशवी खाली ठेवून वाट पाहत राहिला. तीही. काय बिघडलंय ते कुणीतरी सांगेल म्हणून दोघं त्या अरुंद दारात उभी होती. मग तिच्या लक्षात आलं की सांगायचं ते तिनेच.

दुसऱ्या दिवशी दुकान दुपारचं बंद होतं तेव्हा ती हॉलवर गेली. दुपारी तिथे कुणी नसे आणि पाटी असो-नसो, कुणी अडवतही नसे. किल्ली खालच्या पहारेकऱ्याकडे असायची. टेबलाचा अर्धा भाग उचलून भिंतीसारखा उभा करता येतो. एकटं माणूस मग त्या उभ्या अर्ध्यावर चेंडू मारून खेळू शकतं. उभं टेबल प्रत्येक चेंडू परत देतं, आपण जेवढ्या जोराने दिला तेवढ्याच जोराने, आणि विचार करायला वेळ ठेवत नाही. तिने मारला, डावीकडे सटकली, चेंडू उजवीकडून मागे गेला. वाकून तो आणायचाही तिनेच. पहिल्या दुपारी ती मारण्यापेक्षा वाकलीच जास्त.

आठवड्याच्या शेवटी पहारेकऱ्याने विचारलं, "कुणाशी खेळता एवढं, दुपारचं?"

"टेबलाशी."

"मग? जिंकतं कोण?"

"टेबल."

तो हसला, तीही थोडी हसली. दिवसभरात तिचं कुणाशी झालेलं एवढंच बोलणं असे.

पायांना अडवायला म्हणून तिने डाव्या हाताला एक खुर्ची ठेवून पाहिली. दोन दिवसांत नडगी काळीनिळी झाली. पाय थांबायला लागले, पण अंगाचा भार तरीही डावीकडे कलायचा. खुर्चीला हे कळत नव्हतं, तिला कळत होतं. मग तिने खुर्ची काढून टाकली आणि दुसरंच एक केलं. चेंडू मारल्यावर ती उजवीकडे बघायला लागली. आधी बघायची गरज पडत नसे, तिथे कोण आहे हे ठाऊक असे. आता दर वेळी मान वळवून पाहायचं की तिथे कुणी नाही. रिकामी फरशी, पलीकडे बंद खिडकी, खिडकीखाली उन्हाचा पट्टा. दुपारमागून दुपार ती तेच पाहत राहिली. वन्संना जाऊन अर्धं वर्ष होऊन गेलं होतं आणि त्या नाहीत ही गोष्ट तिला घरात नाही, तिथे, त्या कोपऱ्याकडे बघताना पटत गेली. एकदा चेंडू आणायला वाकली ती बराच वेळ उठलीच नाही. मग उठली, कारण दुकान उघडायची वेळ झाली होती.

रंगाऱ्याची शिडी हॉलच्या दाराशी येऊन पडली, त्या संध्याकाळी ती शिंप्यापुढे परत उभी राहिली. तीन गेमचा सामना, दोन जिंकेल तो जिंकला. बाकावर नेहमीची मंडळी. चिटणिसांनी हातात नवा खिळा आणि हातोडी आधीच घेऊन ठेवली होती आणि ती लपवायचा प्रयत्न चालला होता.

पहिला गेम ती जिंकली. बाकावरून टाळ्या आल्या. पाणी पिताना तिला बरं वाटत होतं आणि काहीतरी खुपतही होतं. काय खुपतंय ते बाटलीचं झाकण लावताना ध्यानात आलं. अख्ख्या गेममध्ये उजव्या कोपऱ्यात एकही चेंडू आला नव्हता. दोन-तीनदा ती चांगली भरकटली होती, कोपरा उघडा पडला होता, आणि तरी शिंप्याने चेंडू तिच्या बॅटवर आणून दिला होता. तिने बाकाकडे पाहिलं. सगळे दुसरीकडे बघायला लागले. म्हणजे ठरवून चाललं होतं.

ती टेबलाशी आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "मास्तर, कोपरा मोकळा असतो माझा. दिसत नाही का?"

शिंप्याने चेंडू हातात फिरवला. "वहिनी, खिळा हवाय ना तुम्हाला?"

"हवाय."

"मग?"

"असा लागला तर रोज येता-जाता बघावा लागेल मला तो."

कापड कापण्याआधी माणूस शेवटचं माप घेतो तसं शिंप्याने तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, बरं. आणि दुसऱ्या गेममध्ये त्याने उजव्या कोपऱ्याशिवाय दुसरीकडे चेंडू टाकलाच नाही. तिचा धुव्वा उडाला. चिटणिसांनी हातोडी बाकाखाली सरकवली.

तिसऱ्या गेममध्ये काय झालं ते तिला नंतरही नीट सांगता आलं नसतं. पाय डावीकडे जायचे, पण पूर्वीइतके दूर जायचे नाहीत. मान आपोआप उजवीकडे वळायची, कोपरा रिकामा दिसायचा, आणि रिकामा दिसला की ती तिकडे जायची. कोपऱ्यातले काही चेंडू सुटले, काही तिने ओढून आणले. शिंप्याला घाम फुटला. इतक्या वर्षांत त्याला कुणी एवढं पळवलं नव्हतं, की त्यानेच मनावर घेतलं नव्हतं, कोण जाणे. खेळ तो आता खराखुरा खेळत होता आणि बाकावर कुणी दुसरीकडे बघत नव्हतं.

गुण सारखे होत होत ती एकाने पुढे आली. एक गुण आणखी, की सामना तिचा. शिंप्याने चेंडू कोपऱ्यात टाकला, चांगला लांब टाकला. ती तिथे होती. वेळेवर होती, चेंडू पुढ्यात होता, आणि तिने तो असा मारला की शिंप्याची बॅट हललीसुद्धा नाही. बाकावरची मंडळी उठून उभी राहिली.

तिच्या बुटांच्या तळव्यांखाली फरशी थरथरत होती.

अगदी बारीक. भोंगा वाजला नव्हता, रात्रीच्या तपासणीसाठी काढतात तशी गाडी नुसती दाराबाहेर निघाली होती. तिने शिंप्याकडे पाहिलं. तो हात पुढे करून टेबलाला वळसा घालून येत होता. चिटणीस बाकाखालची हातोडी शोधत होते. टाळ्यांत कुणाला काही कळलं नव्हतं, किंवा कळलेलं कुणी बोलत नव्हतं. वन्सं असत्या तर काय म्हणाल्या असत्या हे तिला अगदी स्पष्ट ऐकू आलं. कुठली गाडी? म्हणाल्या असत्या, आणि भांडून गुण घेऊन घरी गेल्या असत्या. तिने सवयीने उजवीकडे पाहिलं. हा निर्णय घ्यायला तिथे दुसरं कुणी नव्हतं.

"गाडी निघाली," ती म्हणाली.

शिंपी थांबला. "मला नाही ऐकू आली."

"ऐकू नाही आली, मास्तर. पायाला जाणवली."

चिटणिसांनी खिडकीतून खाली वाकून पाहिलं आणि होकाराची मान हलवून ते परत येऊन बसले. गुण पुन्हा खेळला गेला. तो शिंप्याला गेला. त्याच्या पुढचाही त्यालाच. शेवटच्या चेंडूला तिने छान फटका मारला आणि त्या फटक्याच्या आनंदात ती जुन्या सवयीने डावीकडे, पार टेबलाबाहेर, निघून गेली. कोपरा उघडा पडला. शिंप्याने क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि चेंडू तिथे टाकला, तिने सांगितलं होतं तसाच.

त्याने हात मिळवला. कोपऱ्यातले बरेच आणलेत की, एवढं तो म्हणाला. ती म्हणाली, हो. दोघांनाही ते खरं होतं हे ठाऊक होतं. चिटणिसांनी दुहेरीच्या फळ्यावरून पाटी उतरवली, रुमालाने पुसली आणि वर्तमानपत्रात गुंडाळून तिच्या हातात दिली. नवा फळा रंग वाळला की लागेल, असं ते म्हणाले, आणि फळ्यावर यायला किती वेळा प्रयत्न करावा याचा काही नियम नाही, हेही त्यांनी नियम सांगायच्या आवाजात सांगितलं.

ती चालत घरी गेली. रस्त्यावर दुकानं मिटत होती. घरात शिरल्यावर पाटी कुठे ठेवावी ते तिला कळेना. चषकांजवळ शोभेना, भिंतीवर नको वाटे. शेवटी तिने ती दाराशी बुटांच्या फळीवर ठेवली. रात्री जावयाचं नवं भाषण आलेलं होतं, यशाची गुपितं वगैरे. ते तिने ऐकलं नाही. सामन्याचं काय झालं असं त्याने खाली विचारलं होतं. हरले, असं तिने लिहिलं, आणि थोड्या वेळाने, मजा आली, असंही लिहिलं. ते खरं आहे का हे तिने एकदा तपासून पाहिलं आणि मग पाठवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान बंद झालं. ती घरी आली, दोन घास खाल्ले, ताट विसळलं. घर शांत होतं. नळ आता गळत नव्हता, त्यामुळे तेवढाही आवाज नव्हता. खाटेवर टेकावं असं अंग म्हणत होतं. मग ती दाराशी वाकलेली होती आणि उजव्या बुटाची नाडी बांधून झाली होती. डाव्या बुटाला हात घालताना ती मध्येच थांबली, कुणीतरी काहीतरी बोलायचं राहून गेल्यासारखी. घरात कुणी काही बोललं नाही.

तिने डाव्या बुटाची नाडी बांधली.

हॉलमध्ये रंगाऱ्यांनी टेबलं मधोमध ओढून चादरींनी झाकली होती. भिंती ओल्या होत्या, फळ्यांच्या जागी चौकोनी डाग होते. रंगारी जेवायला गेले होते. तिने एका टेबलावरची चादर काढली, अर्धं टेबल उचलून उभं केलं, कडी लावली. चेंडू मारला. पाय डावीकडे थोडे हलले, मान वळली, कोपरा रिकामा होता. ती तिकडे गेली आणि आलेला चेंडू मारला.